अकरा खडे

त्या संध्याकाळी घोडेगावच्या स्टँडवर माझ्या हातात फोन होता. फोनला रेंज होती, चार्जिंग होतं, आणि सहा वाजायला पाच मिनिटं कमी होती. मला एकच फोन करायचा होता आणि एकच शब्द बोलायचा होता. मी तो फोन केला नाही.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी बाबांबद्दल चांगलं चांगलं लिहीत जाईन, तुम्ही वाचत जाल, आणि मी काय केलं ते सांगायची वेळ आली की माझी लेखणी दुसरीकडेच वळेल. मी गणिताचा शिक्षक आहे. उत्तर आधी लिहून मग रीत दाखवणाऱ्या मुलांचे गुण मी आयुष्यभर कापत आलो. आज मीच तसं करतो आहे.

हातवीजच्या पुढे, घाटमाथ्यावर, पंधरा-वीस घरांची एक वाडी आहे. आम्ही सगळे ज्यांना बाबा म्हणतो ते तिथले. वय साठीच्या पुढे, अंगाने वाळलेल्या शेंगेसारखे, डोक्याला कायम टॉवेल. हिवाळा संपत आला की वनखातं वणव्याच्या दिवसांपुरती काही माणसं कामावर घेतं, त्यांत ते दरवर्षी असत. डोंगराच्या धारेवर गवताचा एक पट्टा आधीच जाळून मोकळा करून ठेवायचा, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला खायला काही मिळत नाही आणि तो तिथेच थांबतो. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. ती जाळायची आणि उन्हाळाभर तिच्यावर पहारा ठेवायचा, हे बाबांचं काम. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्याकडून मी पुष्कळ घेतलं आहे, निदान नाव तरी त्यांच्याकडे राहू दे.

"वाट चालू आहे का?" असं कोणी विचारलं की बाबा तोंडाने उत्तर देत नसत. आधी वाकून वाटेकडेचं मूठभर गवत उपटत, मुठीत चुरडत आणि मूठ उघडून बघत. गवत नुसतं दुमडलं असेल तर म्हणत, "जावा." भुगा झाला असेल तर तो तळहातावरून फुंकून कुठे जातो ते बघत आणि मग म्हणत, "वाट हाय. आज न्हाई."

या चार शब्दांनी मला जेवढा वैताग दिला तेवढा दहावीच्या कुठल्याही वर्गाने दिला नसेल.

आम्हा डोंगर चालणाऱ्या मित्रांचा दरवर्षीचा बेत ठरलेला. घाटघरहून निघायचं, ढाकोबा, दुर्ग, आहुपे करत घाटमाथ्याच्या कडेकडेने पाच दिवसांत भीमाशंकरला पोहोचायचं. पावसाळ्यात ही वाट धुक्यात असते. दिवाळीत गवत डोक्याच्या वर गेलेलं असतं, पायाखालचं दिसत नाही. डिसेंबरात शाळेचं संमेलन आणि सहली. म्हणून आम्ही जानेवारीचा शेवट धरायचो. नेमके त्याच सुमारास वणवे सुरू होतात, पण हे माझ्या तक्त्यात कधी बसलं नाही.

बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा बाबांच्या ओट्यावर बसलो तेव्हा आलेख कागदावर पाच दिवसांचा तक्ता करून नेला होता. आडवे तास, उभी अंतरं, पाण्याच्या जागा निळ्या, मुक्काम लाल. बाबांनी तो ओट्यावर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, माणूस खूश झाला.

"लई ब्येस काढलंय," ते म्हणाले. "पर गुर्जी, ह्येच्यात वारा कुटं हाय?"

मग त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि ते चार खडे उचलून एका पोचे आलेल्या जर्मनच्या वाटीत टाकले. त्या वेळी आम्ही चौघंच होतो.

ही त्यांची हजेरी. त्यांच्या दारावरून जितकी माणसं वर जातील तितके खडे वाटीत पडायचे. पलीकडच्या बाजूला उतरल्यावर आपण कळवायचं, मग ते खडे ओतून टाकायचे. वाडीत रेंज नाही. घरामागच्या टेकाडावर एक मोठा सपाट दगड आहे, तिथे तेवढी मिळते. बाबा रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बटणाचा फोन घेऊन त्या दगडावर बसत. फोनमध्ये पैसे भरलेले नसत, त्यावर फक्त आलेला फोन घेता येई. डोंगरात कुणी गेलेलं असलं तर वाटीही बरोबर नेत.

फोन लागला की "हॅलो" नाही, "कोण" नाही. "किती?"

आपण आकडा सांगायचा. पलीकडून दगडावर खडे ओतल्याचा आवाज यायचा, मग "बरं. पानी प्या," आणि फोन बंद. आमच्यातला प्रत्येक जण तो आवाज ऐकायला फोनला कान लावायचा. तुम्हीही कधी डोंगरात गेला असाल तर तुम्हाला कळेल, घरी पोहोचल्यापेक्षाही तो आवाज ऐकून जास्त पोहोचल्यासारखं वाटायचं.

"आणि फोन आला नाही तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर जायाचं बगाया," ते म्हणाले. जणू मी काहीतरी अगदीच सोपं विचारलं होतं. हिरडे वाळत घालता घालता त्यांनी पुढे सांगितलं, "माजा चुलता हिरड्याला गेल्याला. वनवा आला. सांजच्याला समदी म्हनली, आला आसंल कुनाच्या तरी मागनं. कुनी मोजलंच न्हाई. चढलं त्येवडं उतारलं पायजेल, गुर्जी. न्हाई उतारलं तर ठावं तरी पायजेल."

तीन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण झालो होतो. आमच्यात नारायणगावचे कापडवाले शेठ होते. घराणं मूळ राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथेच गेल्या. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून आमचा रोजचा मुक्काम सूर्यावर ठरायचा. बाकी माणूस हलका, चालायला काटक.

त्या वर्षी ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी मी सहाला फोन लावला. बाबा म्हणाले, "ढाकोबाच्या अंगाला धूर हाय. वाट हाय. आज न्हाई." बेत एक आठवडा पुढे ढकलला. रजेचा अर्ज बदलला. पुढच्या आठवड्यात ढाकोबा विझला, तर आहुप्याच्या वरच्या अंगाला लागला. मी नवा तक्ता केला, या वेळी उलटा, भीमाशंकरकडून सुरुवात. तो पुरा होतो न होतो तोच तिकडची वाट वनखात्याने बंद केली. मग मी सुरुवात आणि शेवट दोन्ही कापले आणि मधला तुकडा ठेवला, वाडीपासून आहुप्यापर्यंत, एका दिवसाचा. मुख्याध्यापकांकडे तिसरा अर्ज नेला तेव्हा त्यांनी तो वाचलाही नाही, नुसते हसले. शेठच्या घरी वाटेसाठी खाखरे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा आम्ही ते त्यांच्या दुकानातच बसून संपवले.

"गुरुजी," शेठ म्हणाले, "तुमच्या प्लॅनचा कटपीस झालाय. कितीबी जोडा, शर्ट काय होत नाय."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. पुढे परीक्षा होत्या. आता नाही तर वर्ष गेलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला वर्ष गेलं म्हणजे किती गेलं ते कळायला लागतं. राग कुणावर काढायचा? वणव्यावर काढता येत नाही, वाऱ्यावर काढता येत नाही. जो बातमी सांगतो त्याच्यावरच तो जमत जातो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही वाडीत पोहोचलो. बाबांनी गवत चुरडलं. अर्धं दुमडलं, अर्ध्याचा भुगा झाला. त्यांनी तो फुंकला, पाहिला, पुन्हा एक मूठ घेतली. मी घड्याळ बघत होतो.

"खिंडीपोतर जावा," ते शेवटी म्हणाले. "पुढं धूर दिसला तर माघारी माज्याकडंच या. दुसरीकडं उतरू नगा. उतारला तर सहाला सांगा." आणि आमच्याकडे एकेकाकडे बघत त्यांनी अकरा खडे वाटीत टाकले.

अकराच्या सुमाराला खिंडीत पोहोचलो. वाटेवर दोन झाडांना लाल-पांढरी फीत बांधलेली होती आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, वणव्यामुळे वाट बंद. पलीकडच्या धारेवर धूर होता, फार नाही, चुलीचा असावा तेवढा. मी त्या फितीसमोर उभा राहिलो. तीन अर्ज, तीन तक्ते, महिनाभराची फोनाफोनी, आणि अडवणार कोण, तर ही बोटभर रुंदीची फीत.

"म्हातारा खेळवतोय आपल्याला," मी म्हणालो. "त्याला माहीत होतं. सकाळीच सांगता आलं नसतं? वाट काय त्याच्या मालकीची आहे?"

शेठ तेवढे म्हणाले, "त्यांनी खिंडीपर्यंतच सांगितलं होतं, गुरुजी."

ते खरं होतं म्हणून मला आणखी राग आला. माघारी वाडीत जायचं म्हणजे तीन तास चालायचं आणि वर पुन्हा तेच 'आज न्हाई' ऐकायचं. मी म्हटलं, नाही जायचं. दक्षिणेच्या सोंडेवरून आम्ही आंबेगावच्या अंगाला उतरलो. तिकडे आग नव्हती, वाट सरळ होती. डांबरी रस्त्यावर आहुप्याहून येणारी एसटी मिळाली. सहाच्या आत आम्ही घोडेगावच्या स्टँडवर होतो आणि शेठना सूर्यास्ताआधी जेवायचं होतं म्हणून समोरच्या हॉटेलात शिरलो.

"गुरुजी, बाबांना लावा," शेठ भाकरी मोडताना म्हणाले. "दगडावर बसले असतील."

मी फोन घेऊन बाहेर आलो. नंबर पडद्यावर आणला. मला ते दिसत होते, गुडघ्यावर फोन, शेजारी वाटी. मनात आलं, बसू देत थोडा वेळ. मला महिनाभर बसवलं, आज त्यांना कळू दे वाट बघणं काय असतं. उद्या सकाळी सातला सांगू.

आत येऊन मी शेठना म्हणालो, "लागत नाही."

हे दोन शब्द. फोन न करणं हा राग होता, तो मी समजू शकतो. पण लागत नाही म्हणणं, ते काय होतं? वर्गात एखादा मुलगा इतक्या सहज खोटं बोलला असता तर मी त्याला ओळखलं असतं. शेठनी ओळखलं नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "डोंगरातली रेंज. काय भरोसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाढ झोपेत होतो. पाय दुखत होते.

बाबा त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत दगडावर बसले. मग घरी आले, कंदील आणि काठी घेतली आणि खिंडीकडे निघाले. त्या रात्री वारा फिरला. चुलीएवढा दिसलेला तो धूर धार ओलांडून खिंडीत उतरला. बाबा आम्हाला हाका मारत त्या पेटत्या गवताच्या कडेने पहाटेपर्यंत फिरले. पायातल्या प्लॅस्टिकच्या चपला वितळून तळव्यांना चिकटल्या. आणि ज्या जाळरेषेवर त्यांनी असायला हवं होतं तिथे त्या रात्री कोणी नव्हतं. वाऱ्याने उडालेला पेटता पाला पट्ट्याच्या अलीकडे पडला आणि तो विझवायला माणूस नव्हता. वाडीचे नऊ मोठे हिरडे गेले. ज्यांच्या आजोबांनी सांभाळलेली झाडं होती ती माणसं दवाखान्यात बाबांच्या खाटेपाशी येऊन बोलून गेली, जागा सोडून गेलाच का म्हणून.

हे सगळं मला पुढे शेठकडून कळलं. त्याआधी, तिसऱ्या दिवशी, मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाबांच्या बायकोचा होता, दवाखान्यात कुणाचा तरी फोन मागून केलेला. आम्ही त्यांना मावशी म्हणतो.

"गुर्जी, तुमी हाय ना?" त्यांनी विचारलं. "अकराबी हाय ना?"

"हो, मावशी. सगळे आहोत."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी सांगते." आणि फोन ठेवला. का फोन केला, काय झालं, काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडून शेठना बाबांचं कळलं आणि ते फळं घेऊन दवाखान्यात जाऊन आले. मी वर्गाचे जादा तास आहेत म्हणालो. शेठनी परत येऊन सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मी बाबांना सांगितलं, गुरुजींनी फोन लावला होता, लागला नाही. तर ते बायकोला म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? गुरुजी सांगितल्याबिगर राहायचा नाही. रेंज नसली तर तो काय करणार."

तुम्ही कधी कुणाला दिलेलं खोटं असं वापरात पाहिलं आहे का? माझं खोटं त्या माणसाने उशाला घेतलं होतं. त्यावर डोकं ठेवून तो झोपत होता. मी ते काढून घेतलं तर त्याला त्रास होईल, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण इतकं चांगलं होतं की ते मला तीन वर्षं पुरलं.

त्या तीन वर्षांत आम्ही दुसरीकडे चाललो. मी तक्ते करत राहिलो. एकदा नाशिककडे, एकदा साताऱ्याकडे. प्रत्येक ठिकाणी उतरल्यावर सहाच्या सुमाराला हात खिशाकडे जायचा. शेठ एकदा म्हणाले, "गुरुजी, आपल्या डोंगराला का विटलात?" मी म्हणालो, तिकडे वणव्यांचा वैताग आहे.

यंदा दहावीच्या वर्गात दोन मुलांची उत्तरं चुकांसकट सारखी निघाली. मी त्यांना बोलावलं, तर एक जण मान खाली न घालता म्हणाला, "सर, मी बघून लिहिलं. त्याने नाही." बस, एवढंच. मी दोघांनाही जागेवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जुन्नरहून सकाळची गाडी पकडली.

बाबा ओट्यावर पाय पसरून हिरडे निवडत बसले होते. तळव्यांची कातडी चकाकत होती, ताणून शिवल्यासारखी. आता ते डोंगरात जात नाहीत. संध्याकाळी दगडापर्यंत जातात, तेही धरून धरून. मला पाहून त्यांना आनंद झाला, आणि तो आनंद माझ्यासाठी सगळ्यात वाईट होता.

"गुर्जी," ते म्हणाले. "वाट इसरला व्हय? किती?"

"एकटाच आहे."

त्यांनी हात लांब करून जर्मनची वाटी ओढली आणि तीत एक खडा टाकला. मी वर जाणार नव्हतो, पण तेही सांगता आलं नाही. मावशींनी आतून चहा दिला आणि त्या पुन्हा चुलीपाशी गेल्या. बाबा नव्या वाटेबद्दल, यंदाच्या गवताबद्दल, फितीबद्दल बोलत राहिले. खात्याने आता ब्लोअर दिलेत, म्हणाले, पाला उडवायचं यंत्र, आवाज लई, पर काम करतंय. मी चहा संपवला. बशी ओट्यावर ठेवली.

"बाबा, त्या दिवशी रेंज होती."

ते हिरडे निवडत राहिले. मला वाटलं, ऐकलं नाही.

"शेठ म्हनला, लागत न्हवता," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"शेठना मी तसं सांगितलं. मी लावलाच नव्हता."

हात थांबले. "का?"

"राग आला होता."

"कशाचा?"

"वाट बंद होती त्याचा."

"वाट म्या बंद केल्याली?"

"नाही."

त्यांनी हातातला हिरडा खाली ठेवला. खाली वाडीत कुणाचं तरी वासरू ओरडत होतं. मला वाटलं, आता ते नेहमीसारखं मला सांभाळून घेतील, जाऊ द्या म्हणतील, आणि मी सुटेन. त्यांनी तसं काही केलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. दाराकडे तोंड करून हाक मारली.

"आगं, भायेर ये."

मावशी आल्या. हाताला पीठ होतं.

"म्या निगालो तवा ही दारात आडवी उभी ऱ्हायल्याली," बाबा मला म्हणाले. "जाऊ नगा म्हनं. ती उतारली आसत्याल, फोन कराया इसारली आसत्याल. म्या हिला लई बोललो. तीन वर्सं बोलतुया. गुर्जी तसा न्हाई म्हनून." मग ते मावशींकडे वळले. "गुर्जी काय म्हनत्यात त्ये आयक."

मी उठून उभा राहिलो. मावशी पदराला हात पुसत थांबल्या.

"मावशी," मी म्हणालो, "त्या दिवशी आम्ही अकराच्या अकरा दुपारीच खाली उतरलो होतो. सहा वाजता मी घोडेगावात होतो. फोन हातात होता, रेंज होती. मी मुद्दाम कळवलं नाही, आणि लागत नाही म्हणून शेठशी खोटं बोललो. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."